प्राग ग्रोशेन घेताय? आधी वजन करा

बाबा साताऱ्यात चाळीस वर्षं शिवराया जमवतायत. त्यांच्या पंचाहत्तरीला प्रागहून काहीतरी अस्सल न्यायचं मी ठरवलं होतं.

जुन्या शहरातल्या एका दुकानदाराने मखमलीवर प्राग ग्रोशेन, म्हणजे इथलं जुनं चांदीचं नाणं, ठेवलं. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा सिंह, बोहेमियाचं (आजच्या चेकियातल्या जुन्या राज्याचं) राजचिन्ह. हातात भिंग देऊन त्याने मुकुटाभोवतीची अक्षरं मलाच वाचायला लावली: 'वेन्सेझ्लाउस तेर्सिउस', वेन्सेस्लास तिसरा. मग सांगू लागला. हा राजा गादीवर जेमतेम वर्षभर होता, १३०६ मध्ये ओलोमोत्सला त्याचा खून झाला, वय अवघं १६, प्रेमिस्ल घराण्याचा शेवटचा राजा. त्याचं नाणं सहज मिळणार आहे का? यातला इतिहास शब्दन् शब्द खरा आहे आणि त्यामुळेच मी अडकलो. १४,००० चेक कोरुना मोजले.

फोटो पाहून बाबांनी पहिलाच प्रश्न केला, "वजन किती भरतं रे?"

भरलं २.६ ग्रॅम. दुसऱ्या वेन्सेस्लासने १३०० साली कुत्ना होराच्या खाणींतल्या चांदीतून ग्रोशेन पाडायला घेतले, तेव्हा एकेक नाणं साडेतीन ग्रॅमच्या वर भरत असे. पुढच्या राजांनी वजनही घटवलं आणि चांदीतली भेसळही वाढवली. मग अवघ्या सहा वर्षांत एवढी घट कशी?

उलगडा एका जुन्या संग्राहकाने केला. चौथ्या वेन्सेस्लासच्या (१३७८–१४१९) नाण्यांवर त्याचं नाव 'तिसरा' असंच येतं. त्याचे ग्रोशेन इथे ढिगाने सापडतात आणि मी मोजलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शात मिळतात. नाणं अस्सल होतं, राजा बदलला होता! जो माणूस रोज हीच नाणी विकतो, त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

परत गेलो तर त्याने शांतपणे पावती दाखवली. तिच्यावर फक्त 'ग्रोशेन, चांदी'. तोंडी सांगितलेला राजा त्यात कुठेच नव्हता, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. तुम्ही घेणार असाल तर राजाचं नाव, काळ आणि वजन पावतीवर लिहून मागा. तो टाळाटाळ करू लागला, तर तिथूनच मागे फिरा.

बाबांनी नाणं ठेवून घेतलं. पाकिटावर त्यांच्या अक्षरात आहे: 'वेन्सेस्लास चौथा, २.६ ग्रॅम.'