मंडालेची सहल: जाहिरातीत टिळकांची कोठडी, प्रत्यक्षात खंदक

मी रत्नागिरीचा, निवृत्त मास्तर. आमच्या गावात जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा थिबा राजा आमच्या गावात कैदेत, मरेपर्यंत. ही अदलाबदल वर्गात इतकी वर्षं शिकवली, की मंडाले एकदा बघायचंच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये एका सहल कंपनीबरोबर आठ दिवस म्यानमारला जाऊन आलो.

आधी जेवण. मोहिंगा म्हणजे माशाच्या दाट रश्शात शेवया, सकाळी रस्त्यावर मिळतो. कोकणी माणसाला दुसरं काही लागणार नाही. आंबवलेल्या चहापानांची कोशिंबीर मात्र बायकोने माझ्या ताटात ढकलली. बगानची देवळं बघून डोळे निवले. हॉटेल स्वच्छ. इथपर्यंत पैकीच्या पैकी.

आता मंडाले. जाहिरातीत 'टिळकांची कोठडी' छापलं होतं. तो तुरुंग होता किल्ल्यात, आणि किल्ल्यात आज लष्कराची छावणी. बस खंदकाशी दहा मिनिटं थांबली, फोटो काढले, संपलं. कंपनीला हे आधी माहीत नव्हतं म्हणणं म्हणजे कमालच.

गाइड चांगला होता. त्याचं वर्णन मुद्दाम करत नाही. त्याने विचारलं, तुमच्या माणसाला कशासाठी ठेवलं होतं? म्हटलं, लेख लिहिले म्हणून, राजद्रोहाचं कलम १२४-अ, सहा वर्षं. तो एवढंच म्हणाला, "ते कलम आमच्याकडे अजून आहे." घरी येऊन वाचलं तर खरंच, फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर लष्कराने ते आणखी ताणून घेतलंय. म्हणजे राजद्रोहाच्या कैद्याला नमस्कार करायला मी आजच्या राजद्रोह्यांना कोंडणाऱ्यांकडे व्हिसाची फी भरून गेलो होतो. वर्गात एखाद्या पोराने हे विचारलं असतं तर मी बाकावर उभा राहिलो असतो.

जाऊ नका असं म्हणवत नाही. मोहिंगावाल्या बाईंनी तीन दिवसांत पाहिलेले परदेशी आम्हीच होतो. पण पैसा कुणाच्या खिशात जातो ते बघता येतं, आणि ते कंपनीने बघितलं नाही. डॉलर सरकारी दराने बदलून दिले, एका डॉलरला २,१०० क्यात (तिथलं चलन). बाजारात जवळपास दुप्पट मिळत होते. बगानला जेवणाबरोबर म्यानमार बिअर 'मोफत', तीही लष्कराच्या कंपनीची. गावातले लोक बंडानंतर तिच्यावर बहिष्कार घालून बसलेले, आणि आमच्या टेबलावर बारा बाटल्या.

पाचपैकी दोन तारे, तेही गाइड आणि मोहिंग्याचे. जाणारच असाल तर हॉटेल कुणाच्या मालकीचं ते बुकिंगआधी विचारा, खाणं रस्त्यावर खा, आणि गाइडची बक्षिसी कंपनीच्या पाकिटात न टाकता त्याच्या हातात द्या. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. घडी पडलेली तिथे कुणी घेत नाही.