विंडोज ११ : सहा महिने आणि दीड ओळ

दुकानातल्या मुलाने मला गेल्या जुलैत मदरबोर्ड बदलायला सांगितले नसते, तर मी विंडोज १० वर ऑक्टोबरपर्यंत निवांत बसून राहिलो असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद होणार, हे मला ठाऊक होते आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत काहीही न करण्याचे मी ठरवलेही होते. पंख्यातली धूळ काढण्यासाठी डेस्कटॉप दुकानात नेला, तेव्हा त्या मुलाने न सांगता तपासणी करून टाकली आणि म्हणाला, "काका, यात टीपीएम नाही, अकरा चढणारच नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून बावीस हजारांत करून देतो."

टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप. माझ्या यंत्रात इंटेलचा आय५-८४०० हा आठव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात, एवढे मी वाचलेले होते. घरी येऊन बायोस, म्हणजे यंत्राची मूळ सेटिंग्ज, उघडले, त्यात पीटीटी (इंटेलचे अंगभूत टीपीएम) नावाची ओळ बंद होती ती चालू केली, आणि 'नसलेले' टीपीएम २.० हजर झाले. पुढची अडचण डिस्कची होती. तिच्या भागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असल्याने यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू करता येत नव्हते. मात्र तिचे जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर करणारे एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोज १० मध्येच आहे, आणि ते आधी नुसती तपासणी करून रूपांतर जमेल की नाही हेही सांगते. सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि मग ते चालवले. बावीस हजार रुपये वाचल्याच्या आनंदात मी त्याच संध्याकाळी अपग्रेड करून मोकळा झालो, आणि तीच घाई झाली.

मी मुद्रितशोधक आहे. वर्षानुवर्षे माझा टास्कबार पडद्याच्या डाव्या कडेला उभा असे, कारण माझा साडेअठरा इंची मॉनिटर १३६६ गुणिले ७६८ चा आहे. त्यात रुंदी हवी तेवढी आहे, उंचीची मात्र ददात. विंडोज ११ मध्ये टास्कबार फक्त खाली राहतो. सेटिंग्जमध्ये त्यातली चिन्हे डावीकडे सरकवता येतात, पण खुद्द पट्टी कडेला नेण्याची सोय माझ्याकडच्या २५एच२ आवृत्तीतही नाही. शिवाय १० मध्ये ४० पिक्सेल असलेली ही पट्टी ११ मध्ये ४८ पिक्सेलची झाली आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला हा हट्ट वाटेल. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. मंगल १४ पॉइंटमध्ये एक ओळ साधारण ३१ पिक्सेल घेते. म्हणजे ४८ पिक्सेल ही माझी दीड ओळ झाली. पूर्वी पडद्यावर अठरा ओळी दिसत, आता साडेसोळा दिसतात.

त्यातली पूर्ण ओळ गेली याचे एवढे दुःख नाही, खरा छळ उरलेल्या अर्ध्या ओळीचा आहे. त्या ओळीची शिरोरेषा दिसते, मात्रा आणि वेलांट्याही दिसतात, पण उकार पट्टीमागे जातात. 'गुरु' लिहिले आहे की 'गुरू', 'पुर्ण' आहे की 'पूर्ण', हे कळण्यासाठी प्रत्येक वेळी चाक फिरवून ओळ वर आणावी लागते. ज्याचा चरितार्थच ऱ्हस्वदीर्घावर चालतो, त्याच्यापासून पडद्याने नेमके तेवढेच झाकून ठेवावे!

टास्कबार आपोआप लपवण्याची सोय आहे, हे मलाही माहीत आहे. ती मी तीन आठवडे वापरली. पण वर्डमध्ये पान क्रमांक, शब्दसंख्या आणि झूम ही तिन्ही तळाच्या पट्टीत असतात, आणि मला तिकडे दिवसातून शंभरदा जावे लागते. बाण थोडा खाली घसरला की लपलेला टास्कबार उसळून वर येतो आणि नेमका झूमवरच बसतो. टास्कबार जुन्यासारखा करून देणारी बाहेरची सॉफ्टवेअर मिळतात, त्यांतली काही फुकटही आहेत. मात्र ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या पोटात असे काही शिरू देणे मला मान्य नाही.

परत फिरण्याचा मार्ग होता, तोही मी गमावला. अपग्रेडनंतर १० दिवसांत सेटिंग्जमधून विंडोज १० वर परत जाता येते. मी सवय होईल, होईल म्हणत राहिलो आणि बाराव्या दिवशी तिथे गेलो, तेव्हा तो पर्याय संपलेला होता. ही मुदत कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायच्या डिझम या आज्ञेने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती आज्ञा १० दिवसांच्या आतच द्यायची असते. ज्यांचे अजून ठरत नसेल, त्यांनी अपग्रेड झाल्या दिवशीच हे करून ठेवावे.

एवढ्यावर हा अभिप्राय संपवला असता, तर तो विंडोज ११ वर अन्याय झाला असता. अपग्रेडमध्ये माझी एकही फाइल हलली नाही, इन्स्क्रिप्ट कळफलक आणि टंक जागच्या जागी राहिले. एका स्नेह्याने मात्र डिस्क पुसून कोरे विंडोज ११ घातले. त्यांच्या एका पुस्तकाच्या फाइलची पाने एकाएकी बदलली, कारण मंगल टंक मुळात बसवलेलाच नव्हता आणि त्याच्या जागी निर्मला आला होता. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी पूरक टंकांचा संच मिळतो, तो घेतल्यावर पाने पूर्ववत झाली. फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आले आहेत, ते मला रोज उपयोगी पडतात. उजव्या क्लिकचा अर्धवट मेनू शिफ्ट धरून क्लिक केले की जुन्यासारखा पूर्ण उघडतो, त्यामुळे त्यावर मी रागावणे सोडून दिले आहे. कळफलकावरची विंडोज कळ आणि झेड एकत्र दाबले की पडदा विभागण्याचे नमुने समोर येतात. एका बाजूला हस्तलिखिताचे स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला टंकलिखित मजकूर ही माझी रोजची मांडणी त्याने दोन क्षणांत होते. वेगात मला फरक जाणवला नाही, ना वाढ ना घट.

नोव्हेंबरमध्ये भाच्याने सुचवले, "मामा, मॉनिटरच उभा करा ना." स्टँड फिरत नव्हता, म्हणून मॉनिटर काढून दोन जाड शब्दकोशांच्या आधाराने भिंतीला टेकवला आणि डिस्प्ले सेटिंग्जमध्ये पोर्ट्रेट निवडले. आता उंची १३६६ झाली आणि ९० टक्के झूमवर ए४ चे अख्खे पान एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. खाली ४८ पिक्सेल गेल्याचे काही वाटेनासे झाले. त्या आठवड्यात मी तीन जणांना फोन करून विंडोज ११ ची शिफारस केली. ती आता मागे घेत आहे. स्वस्तातले टीएन पॅनेल (पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलणारा पडदा) उभे केले, की डाव्या आणि उजव्या डोळ्यांना वेगवेगळी छटा दिसते. एका बाजूने कागद पिवळट दिसतो आणि दुसऱ्या बाजूने निळसर. दोन तासांत डोके दुखू लागे. कोनाने रंग न बदलणारा चांगला आयपीएस मॉनिटर घेतला तर प्रश्न मिटेल, हे खरे. पण बावीस हजार वाचवल्याचा आनंद साजरा करण्यासाठी पुन्हा खर्च करायला मन धजत नाही.

शेवटी तोडगा कपाटात मिळाला. सहाव्या पिढीचा आय३ असलेला माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत नाही. पण विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळत आहेत. त्यासाठी आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करावे लागते. त्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत, अन्यथा ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड गुण लागतात. मी अर्थातच फुकटचा मार्ग धरला.

त्यामुळे बँक, ईमेल आणि बिले डेस्कटॉपवर, विंडोज ११ मध्ये होतात, आणि मुद्रिते मी लॅपटॉपवर वाचतो. टास्कबार तिथे डाव्या कडेला उभा आहे, शेवटच्या ओळीचे उकारही दिसतात. फाइल पेन ड्राइव्हने इकडून तिकडे नेताना दिवसाची पाच-सहा मिनिटे जातात. ऑक्टोबर येईपर्यंत ती मला परवडतात. तोवर जुना आयपीएस मॉनिटर कोणी काढत असल्यास पाहतो आहे. स्टँड नसला तरी चालेल, शब्दकोश आहेत.