फायलींना ओळीने नंबर: लूप, रिनेम की व्हिडिर?

फोल्डरभर फोटोंना ओळीने नंबर द्यायचे तर शेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून, तीन सोयीच्या वाटा आहेत. वेगावरून निवडू नका, नाव बदलणं तसंही क्षणाचं काम. चूक होताना कोण अडवतं, ते बघा.

बॅश हा नेहमीचा शेल. त्याच्या फॉर लूपसाठी, म्हणजे प्रत्येक फाइलवर तीच कमांड फिरवण्यासाठी, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, म्हणून बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. दर फेरीला आकडा एकाने वाढवायचा आणि प्रिंटएफ (ठरलेल्या साच्यात मजकूर छापणारी कमांड) कडून ००१, ००२ अशी नावं घडवून घ्यायची. ही शून्यं शोभेची नाहीत. ती नसली तर अक्षरक्रमात १ नंतर थेट १० येतो आणि २ मागे पडतो. मात्र असा आकडा नावातून काढून पुन्हा गणिताला घेतलात, तर बॅश त्याला अष्टमान पद्धतीचा (फक्त ० ते ७ अंकांचा) समजतं आणि ००८ वर एरर देतं. ००७ पर्यंत सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे हा घोळ लवकर कळतही नाही. आकड्याआधी १०#, म्हणजे ‘हा दशमान आकडा आहे’, असं लावलं की काम भागतं.

खरी भीती एमव्हीची, म्हणजे लूपमध्ये नाव बदलणाऱ्या कमांडची. त्या नावाची फाइल आधीच असेल तर एमव्ही सहसा न विचारता तिच्यावर नवी लिहून मोकळं होतं. म्हणून -एन हवंच, ते असलेल्या फाइलवर लिहू देत नाही. सगळे नंबर एकाने पुढे सरकवायचे असतील तर शेवटच्या फाइलपासून मागे या, किंवा सरळ रिकाम्या फोल्डरमध्ये हलवा. मी दुसरा मार्गच वापरतो.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतलं रिनेम जास्त सावध आहे. इथे -एन दिलं की काय होईल ते नुसतं दाखवतं, आणि असलेल्या फाइलवर आपणहून लिहीत नाही. नावातला मधलाच तुकडा बदलायला तर हेच घ्या. नंबर देण्यासाठी मात्र पर्लचा कोड खुपसावा लागतो. त्यापेक्षा लूप वाचायला बरा. शिवाय फेडोरा या लिनक्सवर रिनेम म्हणजे यूटिल-लिनक्स या पॅकेजची वेगळीच कमांड, तिथे पर्लची एक्स्प्रेशन चालत नाहीत. दुसऱ्याची स्क्रिप्ट उचलण्याआधी मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) उघडा.

लूपमध्ये तारांकन (*, म्हणजे सगळ्या फायली) दिलं की फायली नावाच्या क्रमानेच येतात. तुम्हाला हवा तो क्रम नावात नसेल, फोटो बघूनच ठरवायचा असेल, तर मोअरयूटिल्स या पॅकेजमधलं व्हिडिर घ्या. नावांची यादी एडिटरमध्ये उघडते. बदला, सेव्ह करा, झालं. दोन नावांची अदलाबदलही जमते. फक्त यादीतली ओळ खोडू नका, फाइलच डिलीट होते.

तेच काम पुन्हापुन्हा येणार असेल तर लूपच लिहून ठेवा, आणि पहिल्यांदा एमव्हीच्या आधी एको लावून चालवा, म्हणजे कमांड नुसती छापली जाईल, नाव बदलणार नाही.