बॉक्स पीस प्रोसेसर घेताय? मग कूलर दुकानदाराला आत नेऊन बसवू देऊ नका

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला कायम चकरा मारणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही, पण जे चार-पाच वर्षांतून एकदा घरचा डेस्कटॉप अपग्रेड करायला ग्रँट रोडला उतरतात त्यांच्यासाठी लिहितोय. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या नावाखाली फसवणूक सुरू होते आणि हात मारतात प्रोसेसरवर.

माझी कॅबिनेट एकदम छोटी, मिनी आयटीएक्स म्हणजे लहान आकाराच्या मदरबोर्डवाली. तिच्यात कूलरला उंची मिळते जेमतेम ४० मिमी. जुना बोर्ड काढून एच६१० बोर्ड आणि त्यावर इंटेलचा आय५ १२४०० प्रोसेसर टाकायचा होता. प्रोसेसर बॉक्स पीसच (कंपनीच्या सीलबंद खोक्यातला) द्या असं आधीच सांगितलेलं, कारण बॉक्सवर इंटेलची स्वतःची ३ वर्षांची वॉरंटी असते, ट्रे पीस (खोक्याशिवाय सुटा) घेतला तर इंटेल दारात उभं करत नाही, ज्याने विकला त्यालाच धरायचं. दुकानदाराने सीलबंद बॉक्स काउंटरवर ठेवला, सगळं व्यवस्थित. मग म्हणाला, साहेब याच्यातला कूलर तुमच्या कॅबिनेटमध्ये बसणार नाही. आणि हे खरंच आहे, तो साधारण ४७ मिमी उंच असतो, त्यामुळे माणसाला माल कळतो असंच वाटतं. "तो आम्ही ठेवून घेतो, ३०० कमी करतो, तुम्हाला लो प्रोफाइल, कमी उंचीचा देतो, १२० वॉटचा, तांब्याचा बेस, फिटिंगचे पैसे पण नको." पोऱ्या बॉक्स, बोर्ड, कूलर सगळं घेऊन माळ्यावर गेला आणि मला खाली चहा आला.

घरी आणून एक व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला तर मिनिटभरात १०० डिग्री, आणि ४ गिगाहर्ट्झवर पळायला हवा तो प्रोसेसर अडीचच्या आसपास येऊन कण्हत बसला. फोन केला तर उत्तर तयार, "छोट्या कॅबिनेटमध्ये एवढं होतंच साहेब." थोडं होतं, मान्य, पण इतकं नाही.

शेवटी कूलर उतरवला. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे जावी म्हणून मध्ये लावतात त्या पेस्टचा ठसा फक्त एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पेस्ट जशी लावली तशीच गोळा, म्हणजे कूलर तिथे टेकलेलाच नव्हता. कारण हे पुश पिनवालं (बोर्डच्या भोकांत पिना दाबून बसवायचं) मॉडेल जुन्या सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या बोर्डवरच्या जुन्या खाच्याचं. २०२१ ला इंटेलची १२ वी जनरेशन आली तेव्हा सॉकेट बदललं, बोर्डवरच्या भोकांमधलं अंतर ७५ चं ७८ मिमी झालं, आणि दुकानादुकानांत पडलेला जुना माल असाच पिना तिरक्या करून कोंबून खपवला जातो. बेस दिसायला मस्त लालसर, ब्लेडने कडेला जरा खरवडलं तर खाली पांढरं ॲल्युमिनियम. तांबं म्हणजे नुसता मुलामा.

इथपर्यंत हजार-बाराशेचा चुना म्हणून सोडूनही दिलं असतं. पण पेस्ट पुसल्यावर प्रोसेसरच्या पत्र्यावरचा बॅच नंबर दिसला, ज्याला एफपीओ म्हणतात, तो बॉक्सच्या लेबलवर पण छापलेला असतो आणि दोन्ही सारखेच पाहिजेत. माझे जुळेनात! पत्र्याच्या कडेच्या खाचेत वाळून कडक झालेली जुनी पेस्ट, जी नव्या प्रोसेसरवर असायचं काही कारणच नाही, आणि उलटा करून उजेडात धरला तर खालच्या सोनेरी ठिपक्यांवर पिनांचे बारीक व्रण, एका ठिकाणी दोन-दोन, म्हणजे आधी दुसऱ्या कुठल्यातरी बोर्डवर बसून आलेला. बॉक्स नवा, आत वापरलेला माल.

डोकं बघा यांचं. नंबर बरोबर पेस्टच्या खाली येतो, एकदा कूलर बसला की कोण कशाला उघडून बघतोय? म्हणून तर फिटिंग फुकट. छोट्या कॅबिनेटवाला गिऱ्हाईक यांना बरोबर सापडतो, बॉक्सचा कूलर त्याला नकोच असतो त्यामुळे सील फोडायला आयतं निमित्त मिळतं.

तेव्हा सील तुमच्या समोर, तुमच्या हाताने फोडा, प्रोसेसर आणि लेबल दोन्हीचा एका फ्रेममध्ये फोटो काढा आणि मगच पेस्ट लावू द्या. पोऱ्या उचलून आत निघाला तर सरळ नको म्हणा, राग आला तर येऊ दे. कूलरच्या खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला (किती उष्णता झेलेल त्याचा) काडीची किंमत नाही, तो मोजायची सगळ्यांना लागू अशी पद्धतच नाही, जो तो आपल्या मनाने छापतो. नोक्टुआसारखी कंपनी तर वॉट देतच नाही, स्वतःचं वेगळं रेटिंग देते. त्यांचा ३७ मिमीचा एक येतो, महाग आहे, पण त्यातही सॉकेटप्रमाणे वेगवेगळी मॉडेल्स आहेत, १२ व्या जनरेशनच्या १७०० सॉकेटचंच मागा. आणि १२४०० वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी टर्बोत (पूर्ण वेगात पळताना) तो ११७ पर्यंत जातो, हे धरूनच कूलर बघा.

परत गेलो तेव्हा शेठ म्हणाले, इथून जाताना तर चालू होता ना. बिलावर नुसतं "प्रोसेसर १ नग, कूलर १ नग", ना नंबर ना मॉडेल. फोटो दाखवल्यावर कूलरचे पैसे मुकाट्याने परत दिले, प्रोसेसरवर मात्र ढिम्म. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे, दोन्ही नंबरांचे फोटो जोडून. अजून उत्तर यायचंय. कोणी असाच प्रोसेसर परत मिळवला असेल तर बिलावर नंबर नसताना कसं जमवलं ते सांगा.