लिनक्सवर बसून बीबीसी मायक्रोसाठी असेंब्ली : बीबअ‍ॅझम काही महिने वापरल्यावर

बीबीसी मायक्रो म्हणजे एकॉर्नचं १९८१ चं मशीन, २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, मॉडेल बी ला ३२ के रॅम. आपल्याकडे १९८४ ला सुरू झालेल्या क्लास या संगणक साक्षरता प्रकल्पात शाळांमधे हेच आलं होतं, त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या काहींना नक्की आठवत असेल. मी त्याच्यासाठी एक छोटा गेम लिहितोय, कोड उबंटूवर आणि टेस्टिंग एम्युलेटरवर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर.

मशीनच्या बेसिक भाषेतच असेंबलर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) आहे आणि तो खरंच सुंदर आहे, पण सोर्स आणि तयार होणारा कोड दोन्ही त्याच ३२ के मधे बसवायचं, शिवाय पुढची लेबलं (कोडमधल्या जागांना दिलेली नावं) सापडावीत म्हणून फॉर लूप लावून दोन पास आपणच फिरवायचे, प्रोग्राम जरा वाढला की जागा संपते. म्हणून क्रॉस असेंबलर, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालून या मशीनचा कोड बनवणारा; बीबअ‍ॅझम हा त्यातलाच, बीबीसी मायक्रोसाठी बनवलेला.

आधी सीए६५ बराच वापरला, सीसी६५ या ६५०२ च्या सी कंपायलरसोबत येतो तो. दमदार आहे, ऑब्जेक्ट फाईल्स, वेगळा लिंकर (तयार तुकडे जोडून एक प्रोग्राम करणारा), सेगमेंट्स, सी आणि असेंब्ली मिसळायची असेल तर डोळे झाकून हाच घ्या. पण बीबीसीसाठी लिंकरची कॉन्फिग स्वतः लिहा आणि एवढं करून हातात येते नुसती बायनरी, ती लोड अ‍ॅड्रेससकट डिस्क इमेजमधे (डिस्कची फाईलरूपी प्रत) चढवायला अजून एक टूल, मग ते सगळं मेकफाईलमधे. माझ्या कामाला हे फार झालं.

बीबअ‍ॅझमचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे एकाच कमांडमधे थेट बूट होणारी डिस्क इमेज मिळते. सोर्समधेच सेव्ह लिहून नाव आणि अ‍ॅड्रेस द्यायचे, बास. लेबलच्या आधी टिंब, हेक्स (सोळाच्या पायातल्या) आकड्यांना & हे सगळं बीबीसी बेसिकसारखंच, त्यामुळे जुन्या लिस्टिंग किरकोळ बदल करून चालतात. साइन टेबल हवं तर फॉर-नेक्स्ट लावून असेंबल होतानाच बनवता येतं.

आणि गार्ड ही सूचना! डिस्क असलेल्या मशीनवर प्रोग्राम मेमरीत साधारण &१९०० पासून सुरू होतो, मोड २ या ग्राफिक्स मोडची स्क्रीन &३००० पासून, म्हणजे मधे फक्त ५,८८८ बाइट. गार्ड &३००० लिहून ठेवलं की कोड स्क्रीनमधे घुसायच्या आधीच असेंबलर एरर देऊन थांबतो. नाहीतर प्रोग्राम चालू होतो, स्क्रीन साफ केली की कोडचा शेवट पण साफ, आणि कारण शोधत बसा.

कमी काय? लिंकर नाही, प्रत्येक वेळी सगळा सोर्स परत असेंबल होतो, पण ३२ के च्या मशीनचा कोड असतो केवढा, एंटर दाबेपर्यंत झालेलं असतं. दुसऱ्या ६५०२ मशीनसाठी, म्हणजे कमोडोर ६४ किंवा निन्टेन्डोसाठी, मी हा सुचवणार नाही, तिथे सीए६५ च बरा. डीबगर वेगळा नाही, ते काम बी-एम एम्युलेटरच्या डीबगरवर करतो. कोणाला दाखवायचं असेल तर जेएसबीब, तो ब्राउझरमधेच चालतो.

विंडोजवरून लिनक्सवर प्रोजेक्ट आणणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी तपासा. इन्क्लूड (दुसरी सोर्स फाईल घेणारी) आणि इन्कबिन (बायनरी फाईल घेणारी) या सूचनांमधल्या फाईलनावांची स्पेलिंग कॅपिटल-स्मॉलसकट तंतोतंत हवी, विंडोज सोडून देतो, लिनक्स नाही. आणि टेक्स्ट फाईल डिस्कवर टाकताना पुटफाईल नको, पुटटेक्स्ट वापरा, कारण बीबीसीला ओळीच्या शेवटी नुसता कॅरेज रिटर्न लागतो आणि तो बदल पुटटेक्स्ट आपणहून करतो.