रिको जीआर ३ : डब्याच्या पिशवीत मावणारा मिरवणुकीचा कॅमेरा

ऑफिस सुटल्यावर थेट मंडळाच्या आरतीला पोचायचं, तर कॅमेऱ्याची भलीमोठी बॅग दिवसभर खुर्चीखाली कोण सांभाळणार? २०१९ मध्ये आलेला जीआर ३ या अडचणीवर चांगला उतारा आहे. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम, आणि आत अनेक डीएसएलआरमध्ये असतो तसा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर. डब्याशेजारी निवांत बसतो.

लेन्स एकच, २८ मिमीच्या रुंद दृश्याची, एफ/२.८ (हा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त आत येतो). झूम नाही. पुण्यातल्या पेठांच्या गल्लीत ढोलपथक दोन मीटरवर असतं, तिथे ही लेन्स चपखल बसते. वरच्या थरावरचा गोविंदा किंवा स्टेजवरचं बक्षीस वितरण मात्र विसरा. ५० मिमीचा क्रॉप, म्हणजे मधला भाग कापून जवळचं दाखवणं, आहे, पण फोटो ७ मेगापिक्सेलवर येतो. दूरचंच जास्त टिपायचं असेल तर हा कॅमेरा घेऊ नका.

अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. त्यावर उपाय स्नॅप फोकस, म्हणजे आधीच ठरवलेल्या अंतरावर फोकस: अंतर २.५ मीटर, एफ/५.६ ठेवलं की साधारण १.४ ते १५ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मेनूत फुल प्रेस स्नॅप चालू करा. बटण एका दमात दाबलं की फोकस शोधण्यात वेळ जात नाही. रात्री एफ/२.८ वर यावं लागतं, मग हीच पट्टी १.८ ते ४.३ मीटर एवढी आखडते, म्हणून पावलांनी अंतर राखायचं. ऑटो आयएसओला (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० ची मर्यादा घाला. टिपरू हवेत थिजवायचं तर शटर निदान १/२५० सेकंद. झटका दिसू द्यायचा तर १/६०. हात हलला तर थोडंफार स्टॅबिलायझेशन सांभाळून घेतं, पण वादकाचा हात त्याला थांबवता येत नाही. अंगचा फ्लॅश नाही. आरतीत तो नसलेलाच बरा.

खरी गोची गुलालाची. कॅमेरा धूळरोधक नाही. बंद करताना लेन्सची नळी आत जाते आणि तिच्यावर बसलेली पूड सोबत ओढते. सेन्सरवर कण बसला की एफ/११ च्या पुढे आकाशात काळे ठिपके दिसतात. लेन्स निघत नसल्यामुळे ब्लोअर सेन्सरपर्यंत पोचत नाही, आणि मेनूतल्या डस्ट रिमूव्हलने कण गेला नाही तर सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. म्हणून उधळण सुरू व्हायच्या आधी कॅमेरा बंद करून झिपच्या पिशवीत टाका. नळीवर गुलाल पडलाच, तर आधी मऊ ब्रशने झटका, मगच बंद करा. जीए-१ अडॅप्टरवर ४९ मिमीचा यूव्ही फिल्टर (लेन्ससमोरची संरक्षक काच) बसतो, पण मग कॅमेरा खिशात मावत नाही. जेजुरीच्या भंडाऱ्यात मात्र तो हवाच. आषाढात पालखीला पाऊस असेल तर छत्री धरणारा जोडीदार शोधा.

बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने सुमारे २०० फोटो देते. विसर्जनाच्या रात्रीसाठी जादा दोन लागतातच. यूएसबी-सीवर चार्ज होते, त्यामुळे एक बॅटरी दुपारी डेस्कवरच भरून घेता येते. कार्ड घरच्या लॅपटॉपमध्येच राहिलं तर आतल्या २ जीबीत शंभराहून जास्त जेपेग मावतात.

मंडळाला फोटो सकाळीच हवे असतात. वायफायने शेकडो फाइल काढत बसू नका, फोनला लागणारा टाइप-सी कार्ड रीडर ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद असतं, त्या भरवशावर राहू नका. डीएनजी (नंतर संस्कार करायची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही साठवा: लोकलमध्ये तीस-चाळीस जेपेग निवडून पाठवायचे, डीएनजीकडे रविवारी बघायचं.