दुसरा बाजार कुठला धरावा? म्हशीच्या मांसासाठी मलेशिया, इंडोनेशिया, इजिप्त आणि आखात, शिवाय शेळीचा हिशेब

भारतातून 2023-24 मध्ये सुमारे 13 लाख टन म्हशीचं मांस परदेशी गेलं आणि त्याचे 3.74 अब्ज डॉलर आले. धंदा एवढा मोठा, पण त्यातल्या मध्यम निर्यातदाराच्या वह्या उघडल्या तर बहुतेकांचा माल एकाच देशात जाताना दिसतो. तिथला खरेदीदार जुना, पैसे कधी येणार ते ठाऊक, म्हणून तेच चालू राहतं. मी न्हावा शेवाला रीफर, म्हणजे शीत कंटेनरांची कागदपत्रं करतो. गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, "आता दुसरा देश कुठला धरू?" हे उत्तर त्या निर्यातदारासाठी आहे, ज्याचे महिन्याला आठ-दहा कंटेनर निघतात, अपेडाकडे (शेतमाल निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाकडे) नोंद असलेल्या कारखान्याशी करार आहे आणि खेळतं भांडवल मोजकं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा कोळंबीवाल्यांची झोप उडाली. आपल्याला थेट झळ बसली नाही, कारण आपलं कच्चं मांस तिकडे जातच नाही. लाळ्या-खुरकुत या जनावरांच्या साथीच्या रोगामुळे अमेरिका, युरोप, जपान ही दारं आपल्याला बंदच आहेत. आपली अनिश्चितता वेगळ्या ठिकाणाहून येते: एखाद्या देशाच्या चलनातून, एखाद्या सरकारी कोट्यातून, एखाद्या चिंचोळ्या समुद्रातून. म्हणून देशांची तुलना करताना मी भाव नंतर बघतो. तो बाजार बंद पडला तर कशामुळे पडेल, हे आधी बघतो. पहिला आणि दुसरा बाजार एकाच कारणाने बंद पडणार असतील, तर हाती एकच बाजार आहे असं समजा.

हे आपण व्हिएतनामात शिकलो. 2016-17 च्या सुमारास आपल्या म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतलं जवळजवळ निम्मं मूल्य एकट्या व्हिएतनामचं होतं. तिथली माणसं एवढं मांस खात नव्हती. हायफाँग बंदरात उतरलेला माल सीमेवरून चीनमध्ये जायचा, आणि चीनने आपल्या मांसाला अधिकृत परवानगी दिलेली नव्हती. 2013 मध्ये सामंजस्य करार झाला, पण दार उघडलं नाही. पुढे चीनने सीमेवरचा हा व्यापार आवळला, तेव्हा ज्यांचे सगळे कंटेनर हायफाँगला जात होते त्यांना कुणाला जाब विचारायलाही जागा नव्हती. खरेदीदार एका देशात, खाणारा दुसऱ्या देशात, आणि खाणाऱ्या देशाच्या कागदावर तुमचं नाव नाही. व्हिएतनाम आजही माल घेतो. पण दुसरा बाजार म्हणून मी तो सुचवणार नाही.

मलेशिया आणि इंडोनेशिया शेजारी असले तरी आपल्या धंद्यासाठी फार वेगळे आहेत.

मलेशियात बाहेरून येणाऱ्या गाय-म्हशीच्या मांसात सगळ्यात मोठा वाटा आपला. तिथे खाणारा तिथलाच आहे: घरातलं रेंडांग, मामक खाणावळीतली करी, रमजानमधली वाढती मागणी. त्यांचं पशुवैद्यक खातं आणि हलाल प्रमाणपत्र देणारं जाकिम हे दोघे येऊन कारखाना बघतात आणि मग यादीत घेतात. यादीत नाव यायला वेळ लागतो, तपासणीचा खर्चही येतो. पण नाव एकदा आलं की आज एक, उद्या दुसरा असे खाजगी आयातदार बदलता येतात. आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 2019 मध्ये मलेशियाच्या पंतप्रधानांच्या काश्मीरवरच्या वक्तव्यावरून दोन्ही देशांत तणाव झाला आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी तिथल्या पामतेलाकडे पाठ फिरवली. तेव्हा मलेशियाने भारताकडून कच्ची साखर आणि म्हशीचं मांस जास्त घेण्याची तयारी दाखवली होती. राजकारण बिघडल्यावर पहिली कुऱ्हाड सहसा खाद्यमालावर पडते. इथे उलट झालं, कारण स्वस्त मांसाची गरज त्यांना होती.

इंडोनेशियाने 2016 मध्ये दार उघडलं तेच सरकारी हाताने. देशात गोमांस महाग झालं होतं, ते उतरवण्यासाठी बुलोग या सरकारी संस्थेमार्फत आपलं मांस आणायचं आणि किलोला 80 हजार रुपियाच्या वर विकायचं नाही, असं ते धोरण. कोटा सुटला की मागणी प्रचंड येते, सगळ्यांना एकदम कंटेनर हवे असतात आणि कारखान्यात भाव चढतो. कोटा लांबला की शीतगृहात माल पडून राहतो आणि महिन्याचं भाडं भरत बसायचं. मोठ्या कारखान्याला हा चढउतार पेलतो, आठ-दहा कंटेनरवाल्याला नाही. इंडोनेशिया सणासारखा धरावा: आला तर माल द्यावा, पण घरखर्च त्यावर लावू नये.

इजिप्तबद्दल जरा थांबून लिहितो, कारण तिथे लोक नेहमी एकाच बाजूने बघतात. बाजार मोठा, जुना, आणि आपल्या मालाची चव तिथे रुळलेली. पण दोन गाठी आहेत. पहिली चलनाची. नोव्हेंबर 2016 मध्ये पौंड मोकळा सोडला तेव्हा त्याची किंमत जवळपास अर्ध्यावर आली. मार्च 2024 मध्ये पुन्हा एका दिवसात तो डॉलरला 31 वरून 50 च्या आसपास गेला. अशा वेळी खरेदीदार प्रामाणिक असला तरी त्याच्या बँकेकडे डॉलर नसतात. कंटेनर समुद्रात, आणि फोनवर भाव कमी करण्याची विनंती. दुसरी गाठ नकाशावरची. माल ज्या ऐन सोखना बंदरात उतरतो ते सुएझ कालव्याच्या दक्षिण टोकाला, म्हणजे तांबड्या समुद्रातच आहे. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे मोठ्या कंपन्यांची जहाजं बाब-एल-मांदेब, म्हणजे तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं चिंचोळं तोंड, टाळू लागली. मग आफ्रिकेला वळसा घालून, भूमध्य समुद्रातून उलट खाली यावं लागलं. गोठवलेलं मांस उणे 18 अंशांवर महिने टिकतं, त्यामुळे माल खराब होत नाही. पैसा मात्र अडकतो. एका 40 फुटी रीफरमध्ये 20 किलोचे 1400 खोके, म्हणजे 28 टन. सुरुवातीला दिलेल्या देशभराच्या आकड्यांच्या सरासरीने त्याचे 80 हजार डॉलर होतात. असे पाच कंटेनर दोन आठवडे जास्त फिरले, तर मोजक्या भांडवलाच्या माणसाचा पुढचा महिना त्यातच जातो. इजिप्त करायचाच असेल तर पक्की एलसी (पैशाची बँकेने दिलेली हमी) किंवा मोठी आगाऊ रक्कम, यापेक्षा कमी काही मान्य करू नका.

इराक, कुवेत, अमिरात यांना मी एकाच ओळीत बसवतो, कारण उम्म कसर, शुवैख आणि जेबेल अली ही तिन्ही बंदरं आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ सामुद्रधुनीच्या आत आहेत. तिथे जहाज लवकर पोचतं, पैसा बरा येतो. पण तुमचा पहिला बाजार इराक असेल तर दुसरा कुवेत घेऊन जोखीम वाटली गेली असं मानू नका. ओमानमधलं सोहार, अमिरातीतलं खोर फक्कान ही होर्मुझच्या बाहेरची बंदरं. खरेदीदार तिथे माल उतरवून घ्यायला तयार आहे का, हे सौदा ठरतानाच विचारा.

आता शेळी-मेंढी. धाराशिव, सोलापूर, नगर भागातल्या शेतकरी कंपन्या हे विचारतात. उस्मानाबादी शेळीचं लहान, कमी चरबीचं धड आखातात आवडतं हे खरं. हा माल गोठवत नाहीत. कापडात गुंडाळलेली अख्खी धडं थंड करून रात्रीच्या विमानाने जातात. 2022-23 मध्ये अशी सुमारे साडेनऊ हजार टन निर्यात 537 कोटी रुपयांची झाली, म्हणजे किलोला सरासरी साडेपाचशेच्या थोडं वर. पुण्या-मुंबईत मटण किलोला सातशेच्या पुढे विकलं जातं. किरकोळ आणि ठोक भावांची सरळ तुलना होत नाही हे मान्य, तरी या मालाचा खरा स्पर्धक आपल्याच गल्लीतला खाटीक आहे, हे ध्यानात ठेवा. आणि विमानाचा माल थांबून राहू शकत नाही. 23 जून 2025 च्या रात्री कतारने आपलं आकाश विमानांना बंद केलं, ते काही तासच. गोठवलेल्या खोक्याला ते कळलंही नसतं, थंड धडाला एकेक तास मोजावा लागतो. पाळणाऱ्याच्या हातात जास्त पैसा पडावा म्हणून हे कुणी करत असेल तर मला मनापासून आनंद आहे, पण म्हशीच्या धंद्याला आधार म्हणून हा मार्ग घेऊ नका.

देश ठरला की आणखी दोन गोष्टी बघायच्या. 16 ऑक्टोबर 2024 पासून 15 देशांना हलाल म्हणून मांस पाठवायचं तर भारतीय गुणवत्ता परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेचंच प्रमाणपत्र लागतं. मलेशिया, इंडोनेशिया, इराक, कुवेत, अमिरात सगळे त्यात आले. दुसरी गोष्ट शीतखोलीतली. आपल्याकडून म्हशीचं हाड काढलेलं मांसच जातं. धड 24 तास 2 अंशांच्या वर ठेवतात आणि मग पाठीच्या लांब स्नायूत सुई खुपसून पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा बघतात. तो 6 च्या खाली उतरला तरच लाळ्या-खुरकुताचा विषाणू स्नायूत तगत नाही असं धरतात. त्या सुईच्या आकड्यावर आपली सगळी निर्यात उभी आहे. कारखान्यात गेलात तर ती नोंदवही मागून बघा. आकडे सगळे सारखेच, एकाच शाईत, एका दमात लिहिलेले दिसले तर मी त्या कारखान्याशी करार करणार नाही.

कागदाचंही तेच. एका निर्यातदाराच्या आरोग्य प्रमाणपत्रात कारखान्याच्या क्रमांकातला एक आकडा सुटला होता. माल उत्तम होता, तापमानाचा आलेख सरळ रेघ होता, तरी कंटेनर तिकडच्या बंदरात अकरा दिवस विजेच्या प्लगला लावून उभा राहिला. वीज आणि विलंबशुल्क नफ्यापेक्षा जास्त झालं. ते प्रमाणपत्र माझ्याही हाताखालून गेलं होतं. तेव्हापासून मी क्रमांक बोट ठेवून, मोठ्याने वाचतो.

पुढच्या वर्षाचा विचार करताना ब्राझीलकडेही लक्ष असू द्या. 1 जानेवारी 2026 पासून चीनने गोमांसावर देशवार कोटा लावला आहे आणि त्यावरच्या मालाला 55 टक्के जादा शुल्क. कोटा भरला की ब्राझीलचा माल आग्नेय आशियात आणि आखातात ग्राहक शोधेल. आपलं मांस स्वस्त असल्याने खालचा ग्राहक सुटणार नाही, पण हॉटेलांना जाणाऱ्या टॉपसाइड, सिल्वरसाइडसारख्या मागच्या पायाच्या तुकड्यांवर दाब येईल.

घरचा पुरवठाही गृहीत धरू नका. 2025 च्या पावसाळ्यात गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी बंद ठेवली. आठवडी बाजारात भाकड म्हशी विकायला आणलेले शेतकरी तशाच परत नेत होते. परदेशी सौदा करताना हे लक्षात ठेवून तारखेला थोडी सैल जागा ठेवा.

माझा कौल स्पष्ट आहे. पहिला बाजार इजिप्त किंवा आखात असेल तर दुसरा मलेशिया. वाट पूर्वेची, ना होर्मुझ ना तांबडा समुद्र, आणि आयातदार अनेक. पहिला मलेशियाच असेल तर दुसरा इराक, आगाऊ रकमेवर, महिन्याला दोन कंटेनरांपासून. पहिला व्हिएतनाम असलेल्यांनी आधी आपला कारखाना मलेशियाच्या यादीत आहे का ते विचारावं. नसेल, तर तपासणीच्या पुढच्या फेरीसाठी कारखान्याने आजच अर्ज करावा, कारण सगळ्यात जास्त महिने तिथेच जातात.